वाचकांचे प्रश्न : हे संशोधन आमच्या काय उपयोगाचे?

मटेरियल सायन्स, न्यायवैद्यक मानसोपचार आणि पेशीविज्ञान या तीन शाखांतील नव्या संशोधनाविषयी गेल्या काही अंकांत आम्ही लेख छापले. त्यांवर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून जी पत्रे आली, त्यांत कुतूहलापेक्षा निकड अधिक आहे. कुणाच्या इमारतीचा स्लॅब खाली येतो आहे, कुणाच्या घरी वर्षानुवर्षे औषधे घेणारा भाऊ आहे, तर कुणाच्या वडिलांच्या उपचारांचा निर्णय याच आठवड्यात व्हायचा आहे. अशा वाचकांना ढोबळ उत्तरे देऊन चालणार नाही. म्हणून मोजकीच पत्रे घेतली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी संशोधकांनी कशाची कशाशी तुलना करून निष्कर्ष काढला, हे आवर्जून सांगितले आहे. बातमीतून नेमका तेवढाच भाग गळतो आणि घरातला निर्णय मात्र त्याच भागावर ठरतो. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे. स्लॅबखालून काँक्रीटचे पोपडे पडतात, काही ठिकाणी सळया उघड्या पडल्या आहेत. प्राचीन रोमन काँक्रीट स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवते, असे आपल्या अंकात वाचले. दुरुस्तीच्या कंत्राटात तसा चुना वापरण्याची अट घालावी, अशी सूचना आमच्या सर्वसाधारण सभेत आली आहे. आपले मत कळवावे. — सोसायटीचे खजिनदार, वाशी

उत्तर : अशी अट घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रोमन काँक्रीटमध्ये चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या सर्रास आढळतात. माल नीट न कालवल्याची ती खूण आहे, असे अभ्यासक दीर्घकाळ मानत आले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील अदमिर मासिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोमच्या दक्षिणेकडील प्रिव्हर्नम या गावाच्या तटबंदीतले नमुने तपासले आणि २०२३ च्या जानेवारीत वेगळा निष्कर्ष मांडला. रोमन गवंडी केवळ विझवलेला चुना वापरत नव्हते, तर कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना ज्वालामुखीच्या राखेत कोरडाच मिसळून मग त्यावर पाणी घालत होते. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की मोठी उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेत काही चुना ठिसूळ गुठळ्यांच्या रूपात मागे राहतो. पुढे कधी भेग पडली, की ती या गुठळ्यांमधून जाते, भेगेत शिरलेले पाणी चुना विरघळवते आणि त्याचेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन भेग बुजते.

हे नुसते अनुमान नव्हते. संशोधकांनी कळीचा चुना घातलेले आणि न घातलेले असे दोन प्रकारचे ठोकळे बनवले, ते मुद्दाम तडकवले आणि भेगांतून पाणी वाहते ठेवले. कळीचा चुना असलेल्या ठोकळ्यांतील अर्धा मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा दोन आठवड्यांत बुजल्या आणि पाणी थांबले. दुसऱ्या ठोकळ्यांतून ते वाहतच राहिले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये याच गटाने पॉम्पेई येथील एका अर्धवट राहिलेल्या बांधकामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इसवी सन ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने ते काम जसेच्या तसे गाडले गेले होते आणि तेथे कळीचा चुना मिसळलेल्या कोरड्या मालाचे ढीग सापडले. म्हणजे रोमन कृतीविषयीचे हे अनुमान आता चांगलेच भक्कम झाले आहे.

मग आपल्या स्लॅबला ते का चालू नये? प्रयोगातील दोन्ही ठोकळ्यांत पोलाद नव्हते, हे त्याचे कारण. रोमच्या पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट आजही उभा आहे, पण त्यात एकही सळई नाही. आपल्या स्लॅबमध्ये ताण सळया घेतात आणि त्यांना गंजण्यापासून वाचवते ती सिमेंटची तीव्र अल्कता. चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, काँक्रीटमधील चुन्याशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि पीएच नऊच्या खाली उतरतो. जे कॅल्शियम कार्बोनेट रोमन भिंतीची भेग बुजवते, तेच आपल्या स्लॅबमध्ये तयार होताना सळईचे कवच काढून घेते. या विषयातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे आणि लोकप्रिय लेखांत ती क्वचितच येते.

आपल्या भागात त्यात खाऱ्या हवेची भर पडते. खाऱ्या हवेतील मिठाचे क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले, की पीएच चांगला असतानाही तो संरक्षक थर जागोजागी फुटतो. न धुतलेली खाडीची वाळू वापरलेल्या इमारतींत तर क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि पोपडे सुटतात. १९७३ मध्ये खुला झालेल्या पहिल्या ठाणे खाडी पुलाची अवस्था आतील ताण दिलेल्या केबल गंजल्यामुळेच बिकट झाली आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल आला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आता कंत्राटाविषयी. स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी आपल्यासमोर करायला सांगा. स्लॅबचा किंवा कॉलमचा थोडा भाग ताजा फोडून त्यावर हा रंगहीन द्राव फवारतात. जेथे अल्कता शिल्लक आहे तेथे काँक्रीट काही क्षणांत गडद गुलाबी होते, जेथे ती संपली आहे तेथे ते करडेच राहते. गुलाबी रंग सळईच्या अलीकडे सुरू होतो की पलीकडे, हे पट्टी लावून मोजता येते आणि समितीच्या प्रत्येक सदस्याला ते डोळ्यांनी दिसते. मात्र या चाचणीत क्लोराइड कळत नाही. त्यासाठी काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत पाठवावी लागते. खाडीजवळच्या इमारतीत हा खर्च टाळू नये.

दुसरे म्हणजे, पोपडे पडले तेवढ्याच जागी पॅच मारून घेण्याचा मोह आवरा. क्लोराइड भिनलेल्या स्लॅबमध्ये एका भागात नवा, निर्दोष माल भरला, की त्याच सळईचा लगतचा जुना भाग अधिक वेगाने गंजू लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पॅचच्या कडेने नवे पोपडे सुटतात. म्हणून गंजलेल्या सळईच्या मागील काँक्रीटही काढणे, सळई चकचकीत होईपर्यंत घासणे आणि निरोगी पोलाद लागेपर्यंत फोडत जाणे या गोष्टी कंत्राटात स्पष्ट लिहून घ्याव्यात. आणि या सगळ्याच्या आधी गच्चीची व न्हाणीघरांची गळती बंद करावी, कारण पाणी मुरत राहिले तर कोणताही महागडा माल टिकत नाही.

प्रश्न : सामान्य तापमानाला विजेचा काहीही विरोध न करणारा पदार्थ सापडल्याची बातमी मी आठवीत असताना आली होती. पुढे त्याचे काय झाले? — दहावीची विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : तू म्हणतेस तो पदार्थ एलके-९९. शिसे, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडे तांबे असलेला हा पदार्थ साध्या तापमानाला व साध्या दाबाला अतिसंवाहक असतो, असा दावा दक्षिण कोरियातील संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये केला. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो लगेच बनवून पाहिला. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा त्यांत अगदी सुरुवातीच्यांपैकी होती आणि तेथील नमुन्यात अतिसंवाहकता आढळली नाही. मूळ नमुन्यात १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास विद्युतरोध एकदम घसरत होता. तो तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे, हे पुढे उघड झाले, कारण ते सल्फाइड बरोबर त्याच तापमानाला आपली रचना बदलते. जर्मनीत श्टुटगार्ट येथे भेसळविरहित स्फटिक वाढवले गेले, तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. एका महिन्याच्या आत निकाल लागला. विज्ञानाचे काम कसे चालते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण तुझ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मी देऊ शकणार नाही. तुझ्या शाळेच्या प्रदर्शनात या विषयावर तक्ता करायचा असेल, तर शुद्ध आणि भेसळयुक्त नमुन्यांचे आलेख शेजारी शेजारी काढ.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला अकरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. दर महिन्याला इंजेक्शन घेतो, घरची बाजारहाट करतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. आपल्या लेखात ‘औषधांमुळे हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी घटतात’ असे वाक्य होते. आमच्या सोसायटीत ते वाक्य दाखवून एका शेजाऱ्यांनी ‘म्हणजे हे लोक हिंसक असतातच’ असे म्हटले. मी काय उत्तर देऊ? — एक भगिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, त्या शेजाऱ्यांना त्याच अभ्यासातील दुसरा आकडा दाखवा. तो आमच्या लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे.

हा अभ्यास ऑक्सफर्डचे न्यायवैद्यक मानसोपचारतज्ज्ञ सीना फझल आणि त्यांच्या स्वीडनमधील सहकाऱ्यांचा; तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या आणि न्यायालयांचे निकाल या दोन्हींच्या राष्ट्रीय नोंदी असतात. २००६ ते २००९ या काळात मनोविकारावरील विशिष्ट औषधे लिहून दिलेले ४०,९३७ पुरुष आणि ४१,७१० स्त्रिया त्यांनी अभ्यासात घेतल्या. या चार वर्षांत हिंसक गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ६.५ टक्के आणि स्त्रियांत १.४ टक्के होते. म्हणजे शंभरातील त्र्याण्णवाहून अधिक पुरुष आणि अठ्ठ्याण्णवाहून अधिक स्त्रिया यांच्या नावावर असा एकही गुन्हा नव्हता. ४५ टक्क्यांची घट झाली ती या छोट्या प्रमाणात. हा तळाचा आकडा वगळून नुसती घट सांगितली, की ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते आणि त्याची किंमत आपल्या भावासारख्या माणसांना मोजावी लागते.

तुलना कशी केली, तेही पाहण्यासारखे आहे. औषध घेणारे आणि न घेणारे अशी दोन वेगळी माणसे घेतली, तर घोटाळा होतो, कारण औषध नियमित घेणाऱ्याला बहुधा घरचा आधार असतो, त्याचे व्यसन कमी असते, त्याचा आजारही वेगळ्या टप्प्यावर असू शकतो. म्हणून या संशोधकांनी त्याच माणसाचा औषध चालू असलेला काळ त्याच्याच औषध बंद असलेल्या काळाशी ताडून पाहिला. माणूस तोच, त्यामुळे त्याचा स्वभाव, बालपण, आनुवंशिकता हे सारे दोन्ही बाजूंना सारखेच राहते. अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि भ्रम आवरणाऱ्या, औषधांच्या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर ४५ टक्क्यांनी कमी आढळला. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांच्या काळात २४ टक्क्यांनी. अर्थात औषध चालू असते तेव्हा डॉक्टरांकडे जाणेयेणेही चालू असते, त्यामुळे सगळे श्रेय गोळीलाच देता येणार नाही.

आजाराचा आणि हिंसेचा काहीच संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. खोटा दिलासा आपल्या कामाचा नाही. फझल यांच्याच गटाने २००९ मध्ये वीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यसन नसलेल्या स्किझोफ्रेनिया-रुग्णांत हिंसेची शक्यता इतर लोकांच्या सुमारे दुप्पट आढळली, तर दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन जोडीला असेल तेव्हा ती जवळपास नऊपट. पण व्यसन असलेल्या आणि स्किझोफ्रेनिया नसलेल्या माणसांतही धोका जवळपास तेवढाच निघाला. धोक्याचा मोठा वाटा व्यसनाचा आहे. सोसायटीला खरोखर सुरक्षिततेची काळजी असेल, तर तिने कुठे पाहायला हवे, हे यावरून उघड आहे. शिवाय गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा अधिक वेळा स्वतःच हिंसेची बळी ठरतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे.

एक व्यावहारिक बाब. भावाच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाणे हा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार त्याचा हक्क आहे. त्याच्या उपचारांचे कागद सोसायटीच्या कार्यालयात देण्याचे आपल्यावर कोणतेही बंधन नाही. इंजेक्शनची तारीख चुकण्याची वेळ आली, किंवा घरात कधी परिस्थिती हाताबाहेर जाते आहे असे वाटले, तर १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केवळ सल्ल्यासाठीही जाता येते. दाखल होण्याची गरज नसते.

प्रश्न : ब्रेन मॅपिंग चाचणीत गुन्हेगाराच्या मेंदूतील आठवण पकडता येते का? आणि आरोपी वेडा आहे की नाही, हेही त्याच चाचणीत कळेल का? — विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे, पण कारणे वेगवेगळी आहेत.

भारतात वापरल्या गेलेल्या चाचणीत संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, त्याला डोळे मिटून बसवून घटनेसंबंधीची वाक्ये ऐकवतात आणि मेंदूतील विद्युतलहरींवरून तो ‘अनुभव’ त्याला आहे का, हे संगणक ठरवतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात असा अहवाल विचारात घेतला, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात, नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय कुणावरही करता येणार नाही, असे ठरवले. हा निकाल आपण मुळातून वाचावा, विशेषतः राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) वरील, म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न करण्यावरील चर्चा.

शास्त्रीय अडचण कुठे आहे, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन प्रयोगांवरून चांगले कळते. २०१० च्या प्रयोगात आधी दाखवलेले आणि नवे असे चेहरे मिसळून स्वयंसेवकांपुढे ठेवले आणि मेंदूचे स्कॅन घेतले. ‘हा चेहरा मी पाहिला आहे’ असे त्या व्यक्तीला वाटते आहे का, हे स्कॅनवरून बऱ्यापैकी ओळखता आले. पण तिने तो खरोखर पाहिला होता का, हे जवळजवळ ओळखता आले नाही. न्यायालयाला हवी असते ती दुसरी गोष्ट. २०१५ मध्ये स्वयंसेवकांना एक साधी युक्ती शिकवली : ओळखीचा चेहरा दिसला तर त्यावरील प्रकाशछायेकडे लक्ष द्या, अनोळखी दिसला तर त्याच्यासारखा दुसरा कोणी आठवा. एवढ्यानेच ओळखण्याची अचूकता नाणेफेकीच्या पातळीवर आली.

वेडेपणाचा प्रश्न तर स्कॅनचा नाहीच. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड विधान कलम ८४, विचारते ते इतकेच की कृत्याच्या वेळी आरोपीला आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे मनोविकृतीमुळे कळत नव्हते का. आजाराचे निदान असणे पुरेसे नाही. चाचणी आज होते, प्रश्न त्या दिवसाचा असतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ जुने उपचारांचे कागद, कृत्याच्या आधीचे आणि नंतरचे वर्तन, पहिल्या साक्षीदारांचे जबाब यांवर भर देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालात सांगितल्याप्रमाणे, आरोपीला ही बाब संशयातीत नव्हे, तर अधिक संभाव्य एवढ्याच पातळीवर दाखवावी लागते.

प्रश्न : उपवासाने पेशी स्वतःची सफाई करतात आणि त्यासाठी नोबेल मिळाले आहे, म्हणून मी सोळा तास उपाशी राहतो. मला मधुमेह आहे. योग्य आहे ना? — निवृत्त बँक अधिकारी, घोडबंदर रोड

उत्तर : आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे चालू ठेवू नका. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना दीर्घ उपवासाने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

नोबेल मिळाले हे खरे आहे : २०१६ मध्ये, जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना. पण त्यांचा प्रयोग किण्व म्हणजे यीस्टच्या पेशींवर होता. पेशीतील टाकाऊ भाग पिशव्यांत बांधून विघटनाच्या कप्प्यात नेले जातात आणि तेथे लगेच पचून जातात, त्यामुळे ते दिसत नाहीत. ओसुमींनी विघटन करणारी विकरेच नसलेले किण्व घेतले, त्याचे पोषण तोडले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काही तासांत तो कप्पा न पचलेल्या गोल पिशव्यांनी गच्च भरला. या क्रियेला लागणारी जनुके पुढे त्यांनी शोधली. माणसाने किती तास उपाशी राहिल्यावर कोणत्या अवयवात ही क्रिया किती वाढते, हे जिवंत माणसात मोजणे आजही फार अवघड आहे. उंदरांवरचे तास माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण उंदराचा चयापचय कितीतरी जलद असतो. सोळा तासांच्या आकड्यामागे नोबेलचा आधार नाही. वजन कमी करण्यासाठी आपण जेवणाच्या वेळा बदलू इच्छित असाल, तर तो वेगळा आणि रास्त विषय आहे.

प्रश्न : प्लॅस्टिकचे कण रक्तवाहिन्यांत सापडतात आणि त्यांनी हृदयविकार होतो, हे सिद्ध झाले आहे का? — गृहिणी, ऐरोली

उत्तर : सापडतात, हे दिसले आहे, त्यांच्यामुळे विकार होतो, हे सिद्ध झालेले नाही. इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतील चरबीचा साठा शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांवर सुमारे ३४ महिने लक्ष ठेवले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १५० जणांच्या साठ्यात पॉलिथिलीन होते. त्यांपैकी ३० जणांना पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू आला. प्लॅस्टिक न आढळलेल्या १०७ जणांत ही संख्या ८ होती. फरक मोठा आहे आणि काळजी वाटावी असा आहे. मात्र या दोन गटांतील माणसे आहाराने, कामाने, राहत्या जागेने वेगळी असू शकतात, त्यामुळे दोष कणांचाच, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. गरम पदार्थ प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा पिशवीत न घेणे सोपे आहे आणि त्यात तोटा काही नाही. रक्तदाबाची गोळी मात्र त्याहून कितीतरी महत्त्वाची.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला आहे. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करण्यास सांगितले आहे. खारघरला पेशींनी कर्करोग बरा करणारा नवा भारतीय उपचार निघाला आहे, तर ऑपरेशन न करता त्याची वाट पाहावी, असे नातेवाईक म्हणतात. — एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपले पत्र सर्वांत शेवटी छापत असलो, तरी उत्तर आपल्याला आधीच पत्राने कळवले आहे. तेच येथे इतरांसाठी देत आहे.

तो उपचार म्हणजे कार-टी. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत एक नवे जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेतून देतात. नव्या जनुकामुळे टी पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट खूण ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) तयार होतो. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून असा भारतीय उपचार विकसित झाला. देशातील पहिली कार-टी चिकित्सा खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात जून २०२१ मध्ये झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने या भारतीय उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात काही कोटी रुपये लागणारा हा उपचार येथे त्याच्या काही अंशात मिळू लागला, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या शेजारी घडली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण तो कोणासाठी आहे, हे पाहा. या टी पेशी ओळखतात ती सीडी-१९ नावाची खूण, आणि ती असते रक्तातील बी पेशींवर. म्हणून मान्यता आहे ती बी पेशींच्या काही रक्तकर्करोगांना आणि लिम्फोमांना, तीही नेहमीचे उपचार करूनही आजार उलटलेल्या रुग्णांत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. त्या चाचण्यांत दुसरा, वेगळे उपचार घेणारा गट नव्हता. ज्यांच्यापुढे फारसा पर्याय उरलेला नाही, त्यांच्याबाबतीत तसा गट ठेवणे कठीण असते. त्यामुळे ही तुलना अशा रुग्णांच्या पूर्वीच्या अनुभवाशीच होते. आणि प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे, हेही नातेवाइकांना सांगा. उपचारानंतरच्या पहिल्या दिवसांत तीव्र ताप, रक्तदाब उतरणे, भ्रम असे परिणाम होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये या प्रकारच्या उपचारांवर, क्वचित नवा कर्करोग उद्भवण्याविषयी इशारा छापणे बंधनकारक केले.

तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीडी-१९ नसते. त्यांच्यावर ज्या खुणा असतात, त्यांपैकी अनेक निरोगी त्वचेवर आणि फुप्फुसांतही असतात, म्हणून त्यांच्यावर सोडलेल्या टी पेशी रुग्णालाच इजा करू शकतात. बी पेशी नष्ट झाल्या तर बाहेरून प्रतिद्रव्ये देऊन माणूस सांभाळता येतो. फुप्फुसांच्या बाबतीत ती सोय नाही. शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरणे आणि तेथे टिकून राहणे टी पेशींना जड जाते. या अडचणींवर जगभर काम चालू आहे, पण तोंडाच्या कर्करोगासाठी आज मान्यता मिळालेला कार-टी उपचार नाही. तेथे लवकर केलेली शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे रेडिएशन यांचाच परिणाम भरवशाचा आहे, आणि वाट पाहण्यात गाठ वाढते, मानेच्या ग्रंथींत पसरते, जबड्याचा अधिक भाग काढावा लागतो.

दुसरे मत घ्यावेसे वाटत असेल तर अवश्य घ्या. बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या आणि स्कॅनची सीडी सोबत न्या, म्हणजे तपासण्या पुन्हा करण्यात दिवस जाणार नाहीत. मात्र ऑपरेशनची तारीख हातात आली असेल, तर ती पुढे ढकलू नका.